‘दररोज’ या शब्दापाशी

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरे

येशूचं एक वाक्य मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानकारांनी लिहून ठेवलं आहे. लूकने मात्र त्यात एक शब्द जास्तीचा दिला आहे. “जर कोणी माझ्यामागे येऊ पाहत असेल तर त्याने स्वतःला नाकारावे, दररोज स्वतःचा वधस्तंभ उचलून घ्यावा व मला अनुसरावे” (लूक ९:२३). हा ‘दररोज’ बाकी दोघांकडे नाही. या महिन्याची पत्रं वाचताना मला तोच शब्द पुन्हा पुन्हा दिसत राहिला. त्रैक्याचा अर्थ काय, युगाचा शेवट कधी, असं कुणीच विचारलेलं नाही. सगळ्यांचे प्रश्न सकाळी उठल्यापासून रात्री आडवं होईपर्यंतचे आहेत. मी ईश्वरविज्ञान शिकलेली नाही. ३१ वर्षं वॉर्डात परिचारिका होते, त्यामुळे माझी उत्तरंही त्याच वाटेने येतात.

प्रश्न : ताई, मी एका कंपनीच्या हिशेब विभागात आहे. महिनाअखेरीस साहेब मागच्या तारखेची बिलं लावायला सांगतात. त्यातला पैसा माझ्या खिशात येत नाही, पण सही माझी असते. प्रभुभोजनासाठी पुढे जाताना पाय जड होतात. येशूच्या मागे जायचं तर नोकरी सोडायलाच हवी का? घरात कमावणारा मी एकटा आहे.

भाऊ, तुमचे पाय जड होतात हे वाचून मला तुमची काळजी वाटली नाही, उलट बरं वाटलं. आत काहीतरी जिवंत आहे, म्हणून तर ते दुखतं.

शुभवर्तमानात दोन जकातदार आहेत. एक मत्तय. जकातनाक्यावर बसलेला असताना येशूने त्याला “माझ्यामागे ये” म्हटलं आणि तो उठून गेला. दुसरा जक्कय. त्याच्या घरी येशू उतरला, पण त्याने जकातीचं काम सोडलं असं लूक कुठेही लिहीत नाही. सोडलं ते लुबाडणं. त्याच्या आधी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले आणि “आम्ही काय करावे?” असं विचारू लागले, तेव्हा योहानाने त्यांना धंदा बंद करा म्हटलं नाही. ठरवून दिल्यापेक्षा अधिक घेऊ नका, एवढंच म्हटलं. शिपायांना म्हणाला, कुणाला धाकदपटशा दाखवून लुबाडू नका, आपल्या वेतनात समाधानी राहा (लूक ३:१२-१४). म्हणजे कधी उठून जायचं असतं आणि कधी त्याच खुर्चीवर बसून वेगळं वागायचं असतं. तुमच्या बाबतीत यातलं कोणतं, हे मी दुरून ठरवू शकत नाही. पण दुसरा रस्ता पुरता चालून बघितल्याशिवाय पहिला धरू नका.

तो चालायचा कसा, ते जुन्या करारातल्या दानिएलाकडून शिका. राजाच्या पंक्तीतलं अन्न खाणार नाही हे त्याने मनाशी ठरवलं होतं, पण त्यासाठी ताट भिरकावलं नाही. ज्याच्या हाताखाली होता त्याला तो नम्रपणे म्हणाला, दहा दिवस आम्हांला शाकभाजी आणि पाणी देऊन बघा, मग तुम्हीच ठरवा. नकार द्यायला गेला तो हातात पर्याय घेऊन गेला. तुम्हीही साहेबांना एकट्याने गाठा. “मागची तारीख मी घालू शकत नाही. आजच्या तारखेने बिल लावतो आणि उशीर का झाला याची टीप सोबत जोडतो,” असं सांगा. आवाज चढवू नका, प्रवचन देऊ नका. त्याआधी घरी बायकोशी बोला. या निर्णयाचं ओझं तिच्याही खांद्यावर येणार आहे, तेव्हा तिला ते नंतर कळता कामा नये.

मी हे कशाच्या जोरावर सांगते तेही सांगायला हवं. नोकरीच्या सहाव्या वर्षी माझी सलग रात्रपाळी चालू होती. पहाटे चार वाजता सगळ्यांचं तापमान घ्यायचं असे. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजोबांना दोन रात्रींनंतर जरा डोळा लागला होता. त्यांना उठवायचं माझ्या जिवावर आलं आणि मीही थकले होते. तक्त्यावर मी ९८.६ लिहून टाकलं. थर्मामीटर लावलाच नाही. सहा वाजता आजोबा थंडीने कुडकुडत होते आणि ताप १०२ च्या वर गेला होता. डॉक्टर तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले, “म्हणजे चारला ताप नव्हता. दोन तासांत इतका चढला.” आणि त्याच हिशेबाने ते पुढचा विचार करू लागले.

माझ्या निळ्या शाईतला तो आकडा मला अजून दिसतो. नीट वळणदार काढला होता मी. खोटं लिहिताना हात अजिबात थरथरला नव्हता, याचीच मला पुढे कित्येक दिवस भीती वाटत राहिली. मी डॉक्टरांच्या मागोमाग गेले आणि म्हणाले, “चारची नोंद खरी नाही. मी ताप बघितला नव्हता.” ते काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी त्या आकड्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी ‘तापमान घेतले नाही’ असं लिहून मला सही करायला लावली. मला लेखी ताकीद मिळाली, ती माझ्या फाइलला लागली. आजोबा बरे होऊन घरी गेले. ते बरे झाले नसते, तरी खरं सांगणं बरोबरच ठरलं असतं.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती यातच येते. आजवर लावलेल्या बिलांचं काय? कुणाचा पैसा खाल्ला असेल तर मूळ रक्कम परत करून वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा, असं नियमशास्त्र सांगतं (गणना ५:७). मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर चौपट. जक्कयने स्वतःला चौपटीचा नियम लावला, म्हणजे त्याने आपल्या लबाडीला सरळ चोरी म्हटलं. तुमच्या खिशात काही आलेलं नाही. पण त्या तारखांमुळे कुणाचं देणं बुडलं का, एखाद्या छोट्या पुरवठादाराला थांबावं लागलं का, हे तुमच्याच वह्यांत सापडेल. तिथून सुरुवात करा. तुम्ही नाही म्हटल्यावर साहेब कदाचित दुसऱ्या कुणाकडून सही घेतील. कदाचित तुमची बदली करतील. किंवा गप्प बसतील. मी आश्वासन देत नाही. प्रभूनेही दिलेलं नाही.

प्रश्न : प्रार्थनेला बसले की पाच मिनिटांत मन घरकामात, मुलांच्या अभ्यासात जातं. कधी झोप येते. माझ्या आईला मी तासतासभर गुडघ्यांवर बघितलं आहे. माझ्या विश्वासातच खोट आहे का?

खोट नाही, झोप कमी आहे. गेथशेमाने बागेत पेत्र, याकोब आणि योहान यांनाही झोप लागली होती. प्रभूला त्याचं दुःख झालं, पण आत्मा उत्सुक आहे तरी देह अशक्त आहे, हेही तोच म्हणाला. तेव्हा आधी थोडं लवकर झोपा.

दुसरं असं, की आईची प्रार्थना आईची होती. तिच्या प्रार्थनेला फूटपट्टी करू नका. प्रभूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना संथपणे म्हटली तरी मिनिटभरात संपते. ती शिकवण्याआधी त्याने मुद्दाम सांगितलं होतं, की पुष्कळ बोलल्याने आपलं ऐकलं जाईल असं समजू नका.

मघाच्या थर्मामीटरची गोष्ट इथेही लागू पडते. त्या काळी पाऱ्याचा थर्मामीटर असे. मनगटाला झटका देऊन पारा खाली आणायचा, काचेची नळी काखेत ठेवायची, हात मिटून धरायचा आणि पाच मिनिटं थांबायचं. त्या प्रसंगानंतर ती पाच मिनिटं मी कधी चुकवली नाहीत. नुसतं उभं राहायचं तर काय करायचं? म्हणून खाटेवरच्या माणसाचं नाव घेऊन प्रभूशी बोलायला लागले. “हा आज जेवला नाही. हिची मुलगी अजून आली नाही.” खाट बदलली की माणूस बदलायचा, प्रार्थना बदलायची. मन भरकटलं तर समोरच्या चेहऱ्यावर परत यायचं. तीस खाटांच्या वॉर्डात माझी किती प्रार्थना झाली, ते मी कधी मोजलं नाही.

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे बंधू होते. पांडित्य नव्हतं म्हणून त्यांना स्वयंपाकघर दिलेलं. पुढे चपला दुरुस्त करायचं काम त्यांच्याकडे आलं. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ त्यांना वेगळी वाटत नसे. भांड्यांच्या खडखडाटातही वेदीपुढे गुडघे टेकल्यासारखंच ते देवाजवळ असत. तुमच्या घरी मुलांचा अभ्यास आहे, घरकाम आहे. मन तिकडे धावतं ना? मग त्याला मागे खेचण्याऐवजी त्याच्याबरोबर देवालाही तिकडे न्या. मुलाचं गणित चुकतंय, हे त्याला सांगा. ते सांगणं म्हणजे प्रार्थनाच आहे.

तरीही दिवसातली दहा मिनिटं दार लावून एकटीने बसा. येशूही पहाटे अंधारात उठून एकांतात जात असे (मार्क १:३५), आणि त्याच्यामागे तुमच्याहून मोठा गोतावळा होता. काही सुचलं नाही तर एखादं स्तोत्र मोठ्याने वाचा. मन अगदी काळवंडलेलं असेल तर ८८वं वाचा. त्याच्या शेवटीही उजेड नाही, अंधारच आहे. तेही पवित्र शास्त्रात ठेवलं आहे.

प्रश्न : लग्नाला अकरा वर्षं झाली. नवरा हात उचलतो. नंतर रडतो, माफी मागतो, पुन्हा तेच. चर्चच्या मंडळीतल्या एका ज्येष्ठांना सांगितलं तर ते म्हणाले, “हा तुझा वधस्तंभ आहे, तो वाहा. दुसरा गाल पुढे कर. सात वेळा सत्तरदा क्षमा कर.” मी क्षमा करते आहे, ताई. पण आता मुलगी सात वर्षांची झाली आहे आणि ती टेबलाखाली जाऊन बसते.

बाळ, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुझा जीव आणि लेकीचा जीव आधी. बाकीचं सगळं त्याच्या मागून.

ज्येष्ठांनी सांगितलेली वचनं खरी आहेत. त्यांनी ती तुझ्यावर टाकली, हे खरं नाही. एकेक करून बघू.

वधस्तंभाचं वचन वर लिहिलं आहे. ‘त्याने स्वतःचा वधस्तंभ उचलून घ्यावा.’ प्रभूच्या मागे चालताना जे सोसावं लागेल ते माणसाने आपण होऊन उचलायचं, असं ते वाक्य आहे. दारूच्या किंवा रागाच्या भरात एकाने दुसऱ्याच्या पाठीवर मारलेला गुद्दा त्यात कुठे बसतो? नवऱ्याची मूठ हा तुझा वधस्तंभ नाही, ते त्याचं पाप आहे. ते तू वाहायचं नसतं, त्याने सोडायचं असतं.

गालाचं वचन. तेच शिकवणाऱ्या येशूला पुढे प्रमुख याजकापुढे उभं केलं, तेव्हा एका शिपायाने त्याच्या थोबाडीत मारली. त्या वेळी त्याने काय केलं ते योहान १८:२३ मध्ये आहे. मी वाईट बोललो असलो तर ते सिद्ध कर, योग्य बोललो असलो तर मला का मारतोस, असं त्याने विचारलं. त्याने उलट हात उचलला नाही, सूड घेतला नाही. पण तो गप्पही बसला नाही. मारणाऱ्याला त्याच्या मारण्याचा जाब विचारला. नासरेथच्या लोकांनी त्याला कड्यावरून लोटायला नेलं, तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. त्याला धरायला आले तेव्हा तो त्यांच्या हातून निसटला, हेही योहानाने लिहिलं आहे. वधस्तंभाकडे तो गेला ते आपली घटका आल्यावर, स्वतःच्या इच्छेने. तोपर्यंत त्याने स्वतःला कितीदा वाचवलं ते मोजून बघ. प्रेषित पौलाला दिमिष्क शहरात वैरी मारायला टपले होते, तेव्हा शिष्यांनी त्याला रात्री पाटीत बसवून तटावरून खाली सोडलं. पुढे फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं, म्हणजे कायद्याचा आधार घेतला. याला कुणी विश्वासाची कमतरता म्हणत नाही. मग तुला का म्हणावं?

आता क्षमा. ती मी हलकी करणार नाही, कारण प्रभूने ती हलकी केलेली नाही. पण क्षमा म्हणजे पुन्हा त्याच खोलीत जाऊन उभं राहणं नव्हे. कोरी टेन बूम या डच बाईंच्या घराण्याने दुसऱ्या महायुद्धात ज्यू लोकांना घरात लपवलं होतं. १९४४ मध्ये नाझींनी त्या घरच्यांना पकडलं. राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत त्यांची बहीण बेट्सी वारली. १९४७ मध्ये कोरीबाई म्युनिकमध्ये क्षमेविषयी बोलल्या. सभा संपल्यावर त्याच छावणीतला एक पहारेकरी हात पुढे करून क्षमा मागायला आला. त्यांचा हात उठेना. आतल्या आत प्रार्थना करून त्यांनी तो कसाबसा उचलला. ही गोष्ट प्रवचनांतून नेहमी सांगतात, तुझ्या ज्येष्ठांनीही सांगितली असेल. पण त्यातली एक बाब कुणी बोलत नाही. तो माणूस समोर आला तेव्हा छावणी बंद झालेली होती. त्याच्या हातात सत्ता उरली नव्हती आणि कोरीबाई मोकळ्या होत्या. छावणी चालू असताना तिच्यात परत जा, म्हणजे क्षमा पुरी होईल, असं त्यांना कुणी सांगितलं नाही. तुझ्या घरातली छावणी अजून चालू आहे.

इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्यायही तुला कुणीतरी ऐकवेल. तो पुरता वाचायला लाव. बायकांसाठी त्यात तीन वचनं आहेत. नवऱ्यांसाठी त्याच्या दुपटीहून जास्त. पतींनी आपल्या पत्नीवर आपल्या देहासारखी प्रीती करावी, आपल्याच देहाचा कुणी द्वेष करत नाही, असं पौल तिथे सांगतो.

अपघात विभागात मी खूप बायका बघितल्या. “जिन्यावरून पडले” म्हणायच्या. पडलेल्या माणसाला तळव्यांना, कोपराला, गुडघ्याला, कपाळाला लागतं. दंडाच्या आतल्या बाजूला चार बोटांचे गोल निळसर डाग पडण्याने येत नाहीत. आम्हांला ते दिसायचं. आम्ही विचारायचो आणि त्या नवऱ्याकडे बघायच्या. तू तसं करू नकोस. पुढच्या वेळी लागलं तर डॉक्टरकडे जाऊन खरं कारण सांग आणि ते लिहून घे. कागदपत्रं, लेकीचे दाखले, थोडे पैसे, औषधं विश्वासाच्या एका माणसाकडे आजच ठेवून दे. जायचं ठरलं तर त्याला आधी सांगू नकोस. बाई निघायला लागते तेव्हाच धोका सगळ्यात वाढतो. पोलिसांकडे जाणं, वकिलाला भेटणं, यात प्रभूचा अपमान नाही.

तो खरंच बदलला तर? तसं व्हावं म्हणून मीही प्रार्थना करीन. पश्चात्तापाला शोभणारी फळं द्या, असं बाप्तिस्मा करणारा योहान म्हणाला होता, आणि फळ यायला मोसम जावा लागतो. त्याने उपचार घ्यावेत, आपलं वागणं चारचौघांत कबूल करावं, तुझ्यावाचून वर्ष-दोन वर्षं हात आवरून दाखवावा. ती वाट तू दुरून बघायची. पत्रात तू पत्ता दिलेला नाहीस, पण मला पुन्हा लिही. टेबलाखाली बसणारी ती पोरगी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

ज्या ज्येष्ठांनी हे सांगितलं त्यांनाही एक विनंती. वचन हातात घेण्याआधी ते कुणाच्या अंगावर पडणार आहे, ते बघा.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे. लहानपणापासून उपासनेला जातो. हल्ली मध्येच वाटतं, हे सगळं खरं आहे ना? घरी बोललो तर आई रडेल. विश्वास नसताना गाणी म्हणणं हा ढोंगीपणा नाही का?

मत्तयच्या शेवटच्या अध्यायात, उठलेल्या प्रभूला डोंगरावर डोळ्यांनी बघूनही काहींना संशय वाटला, असं लिहिलं आहे. त्यांना बाजूला काढून बाकीच्यांना कामगिरी दिली, असं नाही. सगळ्यांनाच दिली. आजारी मुलाचा बाप येशूपुढे एकाच दमात दोन्ही बोलला, विश्वास आहे म्हणाला आणि माझ्या अविश्वासाचं काहीतरी करा म्हणाला. मूल बरं झालं. आणि थोमाची आठवण ठेव. प्रभू उठला आहे, हे बाकीच्यांचं ऐकून त्याने ठाम नाही म्हटलं, पण आठ दिवसांनी प्रभू पुन्हा आला तेव्हा थोमा त्यांच्यातच होता. ते आठ दिवस तो त्या लोकांबरोबर जेवला असेल, बसला असेल. ढोंग कशाला म्हणायचं? संशय नाही असं दाखवणं म्हणजे ढोंग. तू जे गाणं मनापासून म्हणू शकशील ते म्हण, जे म्हणवत नाही तिथे गप्प उभा राहा. आणि आईला सांग. ती रडेल. आया रडतात, आणि मग ऐकूनही घेतात.

प्रश्न : दर वर्षी जानेवारीत पवित्र शास्त्र पहिल्यापासून वाचायला घेतो आणि लेवीयपाशी अडकतो. काही युक्ती?

मार्कपासून सुरू करा, १६च अध्याय आहेत. तो पुरा झाला की लेवीयचा १९वा एकटाच वाचा. शेताच्या कडा गरिबांसाठी सोडा, मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नका, बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. याच यादीत, १८व्या वचनात, “आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर” हे येतं. येशूने ज्याला दुसरी मोठी आज्ञा म्हटलं ती इथली आहे. शेत, मजुरी आणि रस्ता यांच्या मधोमध ती सापडल्यावर लेवीय तुम्हांला तितकं कोरडं वाटणार नाही.

प्रश्न : सासरे दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. सगळं मलाच करावं लागतं. त्यांनी मला कधी चांगलं वागवलं नाही, अजूनही टाकून बोलतात. उपासनेला जाणं बंद झालं आहे. पूर्वी मी रविवारच्या शाळेत शिकवत असे. आता प्रभूसाठी काहीच होत नाही, आणि कधी कधी त्यांचा इतका राग येतो की मला स्वतःचीच लाज वाटते.

ताई, आधी दोन व्यवहाराच्या गोष्टी. तुमच्या पाळकांना निरोप पाठवा आणि प्रभुभोजन घरी घेऊन यायला सांगा. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं असं याकोबाने लिहिलंच आहे, तेव्हा संकोच धरू नका. आणि मंडळीतली चार माणसं मागा. कफर्णहूमच्या पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं होतं, एकाला ते जमलं नसतं. आठवड्यातून एक दुपार कुणीतरी त्यांच्यापाशी बसेल, तेवढ्यात तुम्ही झोपा किंवा बाहेर चालून या. तुमचा नवरा या पत्रात कुठेच दिसत नाही. बाप त्याचा आहे. त्यालाही कामाला लावा.

आता रागाचं. योहानाच्या १३व्या अध्यायात येशू भोजनावरून उठतो, अंगावरचं वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. येशूला धरून देणारा यहूदा बाहेर जातो तो पाय धुऊन झाल्यावर, तिसाव्या वचनात. म्हणजे यहूदाचेही पाय धुतले गेले. तो काय करणार आहे हे येशूला माहीत होतं आणि त्याच अध्यायात तो अंतःकरणात व्याकूळ झाला असंही लिहिलं आहे. त्याला वाईट वाटलं नाही असं नाही. व्याकूळ मनाने आणि ओल्या हातांनी त्याने ते केलं. तुम्ही रविवारच्या शाळेत हा धडा शिकवला असेल. आता तुम्ही त्याच्या आत आहात.

माझ्या सासूबाईंचं शेवटचं वर्ष मी केलं. त्या मला कधी नावाने हाक मारत नसत, ‘ती’ म्हणायच्या. वॉर्डात परक्या माणसांचे पाय धुताना मला कधी जड गेलं नाही. घरी त्यांचे धुताना पहिले काही दिवस मी दात आवळून धुतले. प्रेमाची वाट बघत बसले असते तर त्यांचे पाय तसेच राहिले असते. एकदा त्यांच्या टाचेच्या खाली एक जुना, पांढरा पडलेला व्रण दिसला. विचारलं, तर म्हणाल्या, सात वर्षांची असताना काच घुसली होती, आईने मांडीवर पाय घेऊन काढली. आणि मग आईविषयी बोलत राहिल्या. त्यांना आई होती, हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलंच नव्हतं. त्या दिवसानंतर माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. पण पाय हातात घेतला की मला तो व्रण आधी दिसायचा.

राग आला की दोन मिनिटं खोलीबाहेर जा. त्यांच्या अंगाला हात लागेल इतका आला तर त्या दिवशी दुसऱ्या कुणाला बोलवा, हे मी गंभीरपणे सांगते आहे. ते टाकून बोलतील तेव्हा “असं बोलू नका, मला दुखतं” एवढं एकदा स्पष्ट म्हणा आणि काम चालू ठेवा.

पायांची मात्र रोज काळजी घ्या. पाणी कोमट हवं. ते आपल्या मनगटाच्या किंवा कोपराच्या कातडीवर बघून घ्या, त्यांच्या पायाला विचारू नका, कारण मधुमेह असेल तर त्यांना चटका कळणार नाही. साबण थोडाच लावा. टाच आणि घोटा रोज उजेडात नीट बघा. लाली दिसली आणि बोटाने दाबून सोडल्यावरही ती फिकी पडली नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पोटरीखाली उशी अशी ठेवा की टाच अधांतरी राहील, आणि दर दोन तासांनी कूस बदलून द्या. पाय पुसताना घासू नका, टिपून घ्या. बोटांच्या बेचक्यात ओल राहते, तिथे मऊ फडक्याचं टोक घालून एकेक बेचकं कोरडं करा. तेल किंवा मलम टाचेला लावा, बेचक्यात नको.